वेळेवर हप्ते भरताय? मग गृहकर्जाचा व्याजदर कमी करून घ्या

हप्ता एकदा थकला की दुसऱ्या दिवशी बँकेचा फोन येतो. पण सात-आठ वर्षं एकही हप्ता न चुकवणाऱ्याला फोन करून कोणी सांगत नाही की तुमचा व्याजदर आता फार जास्त झालाय, या, कमी करून देतो. त्याच शाखेत आज नवीन कर्ज घेणाऱ्याला तुमच्यापेक्षा टक्काभर कमी दर मिळत असतो, आणि तुम्ही मात्र जुन्याच दराने निमूटपणे भरत राहता. नियमित कर्जदार कुठल्याही बँकेला हवा असतो. त्याला त्याचा फायदा मिळतो, पण मागितला तरच.

आम्ही पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या फ्लॅटचं कर्ज एका गृहवित्त कंपनीकडून बँकेत नेलं. त्या काळात कोणता कागद कधी लागतो, कोणाला आधी विचारायचं, पैसे कुठे वाया जातात, हे सांगणारं कोणी भेटलं नाही. जे होते ते सगळे कर्ज विकणारे एजंट. म्हणून हे क्रमवार लिहितेय. वैयक्तिक नावावरचं, फ्लोटिंग (म्हणजे मधूनमधून बदलणाऱ्या) दराचं गृहकर्ज आहे आणि हप्ते वेळेवर जातायत, अशांसाठी हे आहे. हप्ते थकले असतील तर मार्ग वेगळा. त्यांनी आधी स्वतःच्या बँकेशी पुनर्रचनेबद्दल बोलावं.

१. तुमचं कर्ज कशाला जोडलेलं आहे ते शोधा

सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) काढा किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये कर्जाचा तपशील पाहा. तीन गोष्टी एका कागदावर उतरवा: आजचा व्याजदर, शिल्लक मुद्दल आणि उरलेले हप्ते.

त्यानंतर दर कशावर ठरतो ते बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग गृहकर्ज बाह्य बेंचमार्कला, म्हणजे बँकेबाहेर ठरणाऱ्या दराला, जोडावंच लागतं. बहुतेक बँकांनी रेपो दर निवडला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो. अशा कर्जात तीन महिन्यांतून किमान एकदा दर बदलतो, म्हणजे रेपो उतरला की फायदा लवकर पोचतो. त्याआधीचं कर्ज असेल तर ते एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत दरावर, अडकलेलं असू शकतं. गृहवित्त कंपन्यांना हा रेपोचा नियम लागू नाही. त्यांचा स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट असतो आणि तो कधी, किती उतरवायचा हे त्या ठरवतात. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तुमच्या दरात त्यातलं किती उतरलं, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न उरलेल्या मुदतीचा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५० वर गेला, तेव्हा बऱ्याच ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली गेली. हप्ता बदलला नाही म्हणून लोकांच्या लक्षातही आलं नाही. १५ वर्षं उरायला हवी होती तिथे २० उरलेली असू शकतात. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हे बांधून दिलं: दर वाढला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यायला हवी, आणि दर तिमाहीला मुद्दल, व्याज, उरलेले हप्ते दाखवणारं विवरण उपलब्ध करायला हवं. ते विवरण उघडून बघा. बहुतेकांनी ते कधीच उघडलेलं नसतं.

२. क्रेडिट रिपोर्ट काढा, आणि तो वाचा

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट देतात. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. साधारण ७५० च्या वर असला की बोलणी सोपी जातात, आणि कित्येक बँकांत ८०० च्या आसपासच्यांना आणखी थोडा कमी दर असतो.

नुसता आकडा बघून थांबू नका. बंद केलेलं क्रेडिट कार्ड ‘चालू’ दिसतंय का, फेडलेलं दुचाकीचं कर्ज अजून उघडं आहे का, कोणाला जामीन राहिला होतात त्याचे हप्ते थकलेत का, हे पाहा. चूक असेल तर त्याच संस्थेकडे ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागायला हवा, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हे काम नवीन बँकेत अर्ज करण्याआधीच उरका.

सहअर्जदाराचाही रिपोर्ट काढा. नवरा-बायकोच्या नावावर कर्ज असेल तर दोघांचेही स्कोअर बघितले जातात.

३. आधी स्वतःच्याच बँकेला विचारा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि इथेच सगळ्यात कमी खर्चात काम होतं.

एमसीएलआरवरून रेपोशी जोडलेल्या दरावर जायचा तुम्हाला हक्क आहे. ज्या कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्याच्याकडून या बदलासाठी वाजवी प्रशासकीय आणि कायदेशीर खर्चापलीकडे शुल्क घ्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या परिपत्रकातच म्हटलंय. गृहवित्त कंपन्यांमध्ये यालाच ‘कन्व्हर्जन’ म्हणतात आणि त्याचं शुल्क शिल्लक कर्जाच्या टक्केवारीत असतं. ते कमी करून मागता येतं.

शाखेत जाऊन तोंडी विचारू नका, ईमेल लिहा. मजकूर साधा ठेवा: कर्ज खातं क्रमांक, किती वर्षं हप्ते वेळेवर भरले, आजचा दर, त्यांच्याच वेबसाइटवर नवीन ग्राहकासाठी दिसणारा दर, आणि ‘मला याच दराला आणावं, त्याचं शुल्क लेखी कळवावं’ एवढी मागणी. उत्तरासाठी दहा दिवस द्या.

रेपोशी जोडलेलं कर्ज असूनही दर जास्त वाटत असेल, तर प्रश्न स्प्रेडचा आहे. रेपोवर बँक जी वरची टक्केवारी लावते तो स्प्रेड. नवीन ग्राहकाचा स्प्रेड तुमच्यापेक्षा कमी असेल तर तो कमी करून मागा. कर्ज घेतलं तेव्हा तुमचा स्कोअर ७२० होता आणि आज ८०० असेल, तर ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू. बँकेला तो कमी करायची मुभा आहे. ‘सिस्टीममध्ये होत नाही’ हे उत्तर मान्य करू नका.

तोंडी होकारावर थांबायचं नाही. नवा दर, स्प्रेड, शुल्क आणि कोणत्या तारखेपासून, हे चारही लेखी मिळेपर्यंत पुढची पायरी चालू ठेवा.

४. हिशोब: हप्ता कमी की मुदत कमी?

समजा ४० लाख शिल्लक, १५ वर्षं बाकी, दर ९.२५ टक्के. हप्ता साधारण ४१,१६८ रुपये. यातले पहिल्याच महिन्याचे ३०,८३३ रुपये नुसत्या व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम १०,३०० जमा होतात. आता दर ८ टक्क्यांवर आला तर तुमच्यासमोर तीन वाटा येतात.

पहिली, मुदत तीच ठेवून हप्ता ३८,२२६ वर आणायचा. महिन्याला २,९०० च्या वर वाचतात, पूर्ण मुदतीत सुमारे ५.३ लाख.

दुसरी, हप्ता तोच ४१,१६८ चालू ठेवायचा. कर्ज १८० ऐवजी १५७ महिन्यांत फिटतं. २३ हप्ते कमी, वाचले जवळजवळ साडेनऊ लाख. जो माणूस आजवर हा हप्ता वेळेवर भरतोय त्याला तो पुढेही झेपणारच आहे, म्हणून माझं मत सरळ आहे: घरात दुसरी ओढाताण नसेल तर हीच वाट धरा.

तिसरी वाट नवी बँक स्वतःहून पुढे करते: ‘मॅडम, मुदत पुन्हा २० वर्षं करू, हप्ता ३३,४५८ वर येईल.’ ऐकायला फार छान वाटतं. पण ३३,४५८ गुणिले २४० म्हणजे ८० लाखांच्या वर, आणि जुन्या महाग दराने १५ वर्षांत तुम्ही भरणार होतात ७४ लाख. दर सव्वा टक्का उतरूनही तुम्ही सहा लाख जास्त भरणार. या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात मोठा सापळा हाच. अर्जावर मुदतीच्या रकान्यात तुमच्या जुन्या कर्जाचे उरलेले महिने स्वतःच्या हाताने लिहा.

आता खर्चाची बाजू. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, वकिलाचा टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी), मूल्यांकन, गहाणखताच्या मेमोरँडमवरचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनची (दुय्यम निबंधकाला द्यायच्या गहाणाच्या सूचनेची) फी. मुद्रांक शुल्क टक्क्याच्या अंशात असतं, तरी ४० लाखांवर तेही हजारांत जातं. प्रोसेसिंग फी माफ झाली म्हणून लोक खूश होतात आणि हे बाकीचे खर्च शेवटच्या आठवड्यात पुढ्यात येतात. सगळ्यांची बेरीज करून महिन्याच्या बचतीने भागा. खर्च ३५,००० आणि बचत २,९०० असेल तर बारा महिन्यांत खर्च वसूल. दर अर्ध्या टक्क्यानेही कमी होत नसेल, किंवा चार-पाच वर्षंच उरली असतील, तर एवढी धावपळ करू नका. त्यापेक्षा जमेल तशी मुद्दलात रक्कम भरत जा.

५. नवी बँक निवडताना

दोन-तीन बँकांकडे चौकशी करा, पण औपचारिक अर्ज एकाच ठिकाणी करा. प्रत्येक अर्जामागे क्रेडिट रिपोर्टवर एक चौकशी नोंदली जाते.

दर बघताना रेपो अधिक स्प्रेड असं फोडून विचारा. ‘पहिली दोन वर्षं ७.७५, मग फ्लोटिंग’ अशी योजना असेल तर त्या दोन वर्षांनंतरचा स्प्रेड लेखी घ्या. मंजुरीच्या वेळी ‘मुख्य तथ्य विवरण’ मिळायलाच हवं. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते नव्या किरकोळ कर्जांना सक्तीचं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर येतो, आणि त्यात न दाखवलेलं शुल्क तुमच्या संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचं असतं. मराठीत मागा.

टॉप-अपचा, म्हणजे याच कर्जावर जादा कर्ज घेण्याचा, आग्रह होईल. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घराच्या दुरुस्तीसाठी खरंच पैसे लागणार असतील तर ठीक, नाहीतर नको म्हणा. विम्याचंही तसंच. कर्जाला विमा असणं चांगलं, पण तो बँकेच्याच कंपनीकडून, एकरकमी हप्ता कर्जात मिसळून घ्यावा असं बंधन नाही. तुमची टर्म पॉलिसी असेल तर तीच दाखवा.

६. कागदपत्रं

हे सगळं एका फाइलमध्ये आधीच लावून ठेवा:

- पॅन, आधार, फोटो (दोन्ही अर्जदारांचे)
- तीन महिन्यांच्या पगार पावत्या, दोन वर्षांचे फॉर्म १६. व्यवसाय असेल तर तीन वर्षांची विवरणपत्रं आणि ताळेबंद
- पगाराच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट
- जुन्या कर्जाचं सँक्शन लेटर आणि किमान बारा महिन्यांचं लोन स्टेटमेंट
- जुन्या बँकेकडे जमा मूळ कागदपत्रांची यादी, म्हणजे ‘लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स’
- नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २, नोंदणी पावती आणि मुद्रांकाच्या चलनाच्या प्रती
- घर पुनर्विक्रीतलं असेल तर आधीच्या सगळ्या मालकांचे करारनामे
- मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि गहाणासाठी ना हरकत पत्र
- चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती

अडतं ते भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीचं पत्र. सोसायटीचं पत्र नव्या बँकेच्या नमुन्यातच लागतं, साध्या लेटरहेडवर आणलेलं परत पाठवतात. सेक्रेटरींना नमुना आधी द्या, मेंटेनन्सची थकबाकी नसल्याची खात्री करा, आणि समितीची बैठक महिन्यातून एकदाच होत असेल तर त्या हिशोबाने वेळ धरा.

७. फोरक्लोजर लेटर ते चेक

नव्या बँकेची मंजुरी हातात आली की जुन्या ठिकाणी फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि कागदपत्रांची यादी मागा. हे पत्र मागताच जुन्या बँकेचा सूर बदलतो. आम्हाला आधी जो दर ‘शक्यच नाही’ होता, तो पत्राचा अर्ज दिल्यावर तीन दिवसांत फोनवर आला. तुम्हालाही असा फोन आला आणि दर खरंच जवळपास असेल, तर लेखी मागा आणि राहा. हस्तांतराचा सगळा खर्च वाचेल. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे चला.

वैयक्तिक नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. बँकांवर हा नियम २०१२ पासून आहे. पत्रात ‘फोरक्लोजर चार्जेस’ अशी ओळ दिसली तर तिथल्या तिथे आक्षेप घ्या. मात्र सध्या फिक्स्ड दराच्या काळात असाल तर करारातलं कलम आधी वाचा.

पत्रावरची रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच चालते आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज खाली लिहिलेलं असतं. चेकच्या रकमेत चार-पाच दिवसांचं जादा व्याज धरायला नव्या बँकेला सांगा. काहीशे रुपये कमी पडले तरी खातं बंद होत नाही, आणि तोवर दोन्हीकडे व्याज चालू राहतं. चेक जुन्या बँकेच्या नावाने, तुमच्या कर्ज खात्याच्या क्रमांकासह निघतो. तो जमा करून शिक्का मारलेली पोच घ्या.

जुना हप्ता मध्येच थांबवू नका. ‘आता बदलतोच आहोत’ म्हणून खात्यात पैसे न ठेवणारे लोक मी पाहिलेत. एक हप्ता परत गेला की दंड लागतो आणि ज्याच्या जोरावर हे सगळं चाललंय ती स्वच्छ नोंदच डागाळते. जादा गेलेला हप्ता परत मिळतो. तो अर्ज करून मागा.

८. मूळ कागद ताब्यात घेताना

कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायलाच हवीत. उशीर त्यांच्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. चेक जमा केलेल्या पोचेची तारीख म्हणूनच महत्त्वाची.

पाकीट मिळालं की सही करण्याआधी तिथेच बसून मोजा. नोंदणीकृत करारनाम्याच्या प्रत्येक पानावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा शिक्का असतो: पुण्याकडे ‘हवल’, ठाण्याला ‘टनन’, मग कार्यालयाचा क्रमांक, दस्ताचा क्रमांक, पान क्रमांक आणि एकूण पानं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमांक सलग आहेत का, हे बोटाने बघत जा. आमच्या करारनाम्यात मधलं मजल्याच्या नकाशाचं घडी घातलेलं पान पाकिटाच्या तळाशी वेगळं पडलं होतं. मोजलं नसतं तर ते तिथेच राहिलं असतं. मूळ नोंदणी पावती आणि शेअर सर्टिफिकेट ही छोटी कागदं मागे राहायची शक्यता जास्त. यादीतल्या प्रत्येक ओळीवर खूण केल्याशिवाय ‘सर्व कागदपत्रं मिळाली’ या ओळीखाली सही करू नका.

सगळी फाइल नव्या बँकेत देण्याआधी स्कॅन करून ठेवा, आणि दिल्यावर त्यांच्याकडून नवी यादी शिक्क्यासह घ्या.

महाराष्ट्रात आणखी एक काम असतं. कागद जमा करून केलेल्या गहाणाची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करायची असते आणि ती जबाबदारी कर्जदाराची असते. बहुतेक बँकांचा माणूस ती ऑनलाइन भरून देतो. पण ‘झालं’ या शब्दावर राहू नका, पावती मागून घ्या.

९. मागचं आवरणं

जुन्या ठिकाणाहून नो ड्यूज प्रमाणपत्र आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र घ्या. तारण म्हणून दिलेले चेक परत मागा, आणि तुमच्या बचत खात्यावरचं एनएसीएच मँडेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द झालंय का ते नेट बँकिंगमध्ये बघा. सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत जुन्या बँकेचा बोजा उतरला का, हे विचारा. त्यांच्या संकेतस्थळावर शोधूनही पाहता येतं. सोसायटीच्या नोंदीत जुन्या बँकेचा बोजा काढून नवीचा लावण्यासाठी दोन्ही पत्रांच्या प्रती सेक्रेटरींकडे द्या. फ्लॅट विकताना हीच नोंद आडवी येते.

आयकराचं काळजीचं कारण नाही. घरासाठी घेतलेलं कर्ज फेडायला दुसरं कर्ज घेतलं तरी त्याच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत चालू राहते. त्या वर्षी दोन्ही ठिकाणांहून व्याजाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, एवढंच.

कुठे अडवणूक झाली तर आधी त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे तक्रार करता येते. पोच, ईमेल, यादी हे सगळं जपून ठेवलेलं असेल तर तक्रार एका पानात लिहून होते.

दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा. जुनं कर्ज ‘बंद’ आणि नवं ‘चालू’ दिसायला हवं. दोन्ही चालू दिसत असतील तर बंद झाल्याचं पत्र जोडून दुरुस्ती मागा.